झाकलेलं काँक्रीट पुन्हा उघडं

माझी सगळी नोकरी तंत्रनिकेतनात काँक्रीट शिकवण्यात गेली. चाचणीचे क्यूब भरणं, भट्टीसारख्या उन्हात पोरांना साइटवर नेणं, सेंटरिंग उतरवल्यावर स्लॅब खालून दाखवणं, हे माझं काम. खालून पाहिलेला स्लॅब सगळं सांगतो. फळ्यांच्या सांध्यातून स्लरी गळाली असेल तर तिच्या रेघा उमटतात, व्हायब्रेटर नीट फिरला नसेल तर खडी उघडी पडते. आपल्याकडे थोड्याच दिवसांत हे सारं गिलाव्याखाली जातं आणि मग कुणी विचारत नाही. म्हणून अमेरिकेत न्यू हेवनला लेकीकडे राहायला गेले आणि तिनं मला येल विद्यापीठाच्या कलादालनात नेलं, तेव्हा मी आधी मान वर करून छत पाहिलं. चित्रांकडे वळायला बराच वेळ लागला.

न्यू हेवन हे कनेटिकट राज्यातलं गाव, न्यूयॉर्कपासून रेल्वेनं साधारण दोन तासांवर. येल युनिव्हर्सिटी आर्ट गॅलरी तिथल्या चॅपल स्ट्रीटवर आहे. एकमेकींना जोडलेल्या तीन इमारतींत ती पसरलेली आहे: १८६६ सालचा स्ट्रीट हॉल, १९२८ सालची जुनी गॅलरी आणि १९५३ साली पुरी झालेली वास्तुविशारद लुई कान यांची इमारत. तिघींची दुरुस्ती होऊन डिसेंबर २०१२मध्ये सगळं मिळून एक दालन म्हणून खुलं झालं. खर्च आला १३ कोटी ५० लाख डॉलर. चित्रं मांडायची जागा वाढून जवळजवळ ७० हजार चौरस फूट झाली. आत जायला पैसे पडत नाहीत. विद्यार्थ्याला नाही, गावकऱ्याला नाही, माझ्यासारख्या पाहुणीलाही नाही.

मी कानांच्या इमारतीपासून सुरुवात करते, कारण दुरुस्तीची खरी गोष्ट तिच्यात आहे.

१९५१ साली हे काम मिळालं तेव्हा कान पन्नाशीचे होते. येलमध्ये वास्तुकला शिकवत होते, नुकतेच रोम, ग्रीस, इजिप्त पाहून आले होते आणि नाव व्हावं असं मोठं काम त्यांच्या हातून तोवर झालेलं नव्हतं. विद्यापीठाला एकाच इमारतीत दोन गोष्टी हव्या होत्या: खाली चित्रं, वर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची ड्रॉइंगची टेबलं. आज एक मांडणी, उद्या दुसरी. म्हणून मजले मोकळे हवेत, मध्ये भिंती नकोत. कानांनी जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं ही सेवेची कामं मधल्या पट्ट्यात एकत्र केली आणि दोन्ही बाजूंना मोकळे मजले सोडले.

मग छत. खालून पाहिलं तर त्रिकोणांची जाळी दिसते, पण ती सपाट नाही. प्रत्येक त्रिकोण आत खोल जातो आणि तीन बाजूंच्या पोकळ शंकूसारखा आकार तयार होतो. असे आकार ओळीनं, मजलाभर. रंग नाही, गिलावा नाही, करड्या काँक्रीटचंच सगळं. कानांच्या कचेरीत काम करणाऱ्या अॅन टिंग यांना अशा भूमितीचा ध्यास होता आणि या छताच्या मागे त्यांचा विचार मोठा आहे. इमारतीच्या चर्चेत त्यांचं नाव कानांच्या नावामागे पडतं, हे मला खटकतं. हिशेबाची बाजू हेन्री फिस्टरर या अभियंत्यानं सांभाळली. खऱ्या अर्थानं अवकाशी चौकट म्हणून, म्हणजे सगळ्या दिशांनी भार वाटून घेणारी जाळी म्हणून, हे छत मंजूर होईना. नियमांत तसं काही बसत नव्हतं. तेव्हा ते तिरप्या तुळयांच्या रांगा म्हणून काम करेल असं बसवलं गेलं. दिसायला चौकट, वागायला तुळया. साध्या छतापेक्षा ते जडही झालं. काही वास्तुविशारद यावरून नाक मुरडतात. मला मात्र तिथं उभं राहून वाटलं, नियमाच्या आत राहून अवघड गोष्ट उभी करणारा अभियंता हा त्या इमारतीचा तितकाच धनी आहे.

आणि त्या पोकळ्या शोभेच्या नाहीत. हवा खेळवणाऱ्या नळ्या आणि विजेच्या तारा त्यांच्यातून जातात, दिवे त्यांच्यात टांगलेले आहेत. आपण आज मॉलमध्ये किंवा ऑफिसात वर पाहतो ते फॉल्स सीलिंग, म्हणजे नळ्या आणि तारा दडवायला खालून लावलेला पडदा. इथं पडदाच नाही. जे छत भार पेलतं तेच तारा पेलतं आणि तेच डोळ्यांना दिसतं.

जिना तर मी दोनदा चढून उतरले. काँक्रीटचं पोकळ नळकांडं, आणि त्याच्या आत त्रिकोणी वळणांचा जिना. नळकांड्याच्या भिंतीवर उभ्या अरुंद फळ्यांचे ठसे जसेच्या तसे आहेत. फळी कुठं संपली, दुसरी कुठं लागली, हे बोटानं दाखवता येतं. वर, नळकांड्याच्या तोंडावर, काँक्रीटचा एक त्रिकोण आडवा बसवलाय आणि त्याच्या कडेनं उजेड खाली येतो. सोबत आलेल्या नातीला मी म्हटलं, ‘या रेघा बघ, सुताराच्या हातच्या आहेत.’ सत्तर वर्षांपूर्वी त्या फळ्या बसवणाऱ्या कामगारांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, काम आहे.

ही इमारत उघडल्यानंतर काही वर्षांतच तिच्या आत वेगळ्या भिंती उभ्या राहिल्या. १९५०चं दशक संपता संपता नव्या संचालकांना काँक्रीट आणि विटांवर चित्रं नको वाटली. पांढरे पार्टिशन आले, खांब झाकले गेले, मोकळा मजला खोल्याखोल्यांत वाटला गेला. कान यामुळे दुखावले. पुढं १९६३मध्ये वास्तुकलेचा विभाग शेजारच्या नव्या इमारतीत गेला आणि ड्रॉइंगची टेबलंही गेली. पश्चिमेकडचं खोलगट अंगण सत्तरीच्या दशकात छप्पर घालून बंद केलं, आतल्या जागेची निकड होती म्हणून. यात कुणी दुष्ट नव्हतं. जागा कमी पडली की माणूस अंगण झाकतो, व्हरांडा बंद करतो. आपल्या वाड्यांचं तेच झालं. पण अशी वीस-तीस लहान लहान सोयीची कामं झाली की इमारत मूळची कशी होती हे नवीन पिढीला ठाऊकच राहत नाही.

२००६ साली पुरी झालेली कानांच्या इमारतीची दुरुस्ती पोलशेक पार्टनरशिप या न्यूयॉर्कच्या कचेरीनं केली. हीच कचेरी पुढं एनिअॅड या नावानं बाकीच्या दोन इमारतींचंही काम करून गेली. त्यांनी पार्टिशन काढली, अंगणावरचं छप्पर काढून ते पुन्हा आभाळाला उघडं केलं. कानांनी चित्रं टांगायला खास फळे बनवले होते, जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसणाऱ्या पायांवरचे, हलवता येणारे. त्या पद्धतीचे फळे पुन्हा मांडले. पण यातलं सर्वांत अवघड काम खिडक्यांचं होतं, आणि ते बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही.

या इमारतीच्या चॅपल स्ट्रीटकडच्या भिंतीला खिडकीच नाही. सगळी वीट, आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीवर दगडाचा एक बारीक पट्टा. दुसऱ्या बाजूंना मात्र जमिनीपासून छतापर्यंत काच आणि पोलाद. आता चित्रांच्या दालनात हवा कोरडी ठेवून चालत नाही. लाकडी पाट्यांवरची जुनी चित्रं कोरड्या हवेत तडकतात, म्हणून बारा महिने ठरावीक ओल राखावी लागते. बाहेर कनेटिकटचा हिवाळा, शून्याच्या खूप खाली. पोलादाची चौकट आतून बाहेरपर्यंत सलग एकच असली तर बाहेरची थंडी तिच्यातून थेट आत येते आणि आतल्या ओलसर हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच. हे पाणी वर्षानुवर्षं चौकटीत मुरलं, गंज धरला, चौकटी वाकल्या.

उपाय म्हणून चौकटीचे दोन भाग करतात, आतला आणि बाहेरचा, आणि मध्ये उष्णता न वाहणारा पदार्थ घालतात. काचा दुहेरी बसवतात. कागदावर सोपं वाटतं. पण कानांच्या मूळ चौकटी सडपातळ होत्या आणि त्या सडपातळपणावर त्या भिंतीचं सारं रूप उभं होतं. दुरुस्ती करणाऱ्यांनी मूळ चौकटी काढून जवळजवळ त्याच जाडीच्या, पण आतून दुभंगलेल्या नव्या चौकटी बनवून घेतल्या. मूळ वस्तू गेली आणि मूळ रूप राहिलं. वारसा जपणाऱ्यांत यावर वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: जी चौकट चित्राला इजा करते ती दालनात ठेवता येणार नाही, मग ती कुणीही आखलेली असो.

कानांच्या इमारतीतून पुढं गेलं की जुन्या इमारती लागतात. १९२८ची गॅलरी एगर्टन स्वार्टवाउट यांनी इटलीतल्या टस्कनीच्या धर्तीवर बांधली: जड दगड, कमानी, उंच दालन. ती पूर्ण चौकभर पसरायची होती. पैसा पुरला नाही आणि ती मध्येच थांबली. कानांची इमारत पंचवीस वर्षांनी त्या थांबलेल्या जागी येऊन टेकली. हाय स्ट्रीटवरून एक दगडी पूल स्ट्रीट हॉलला जातो. आज त्या पुलातून चालत चित्रं पाहत पलीकडे जाता येतं.

दालनाची सुरुवात मात्र या तिघींच्याही आधीची, १८३२ची. जॉन ट्रंबुल या चित्रकारानं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांचा साहाय्यक म्हणून काम केलं होतं आणि त्या युद्धाचीच चित्रं काढली होती. म्हातारपणी हातात पैसा नव्हता. त्यानं आपली चित्रं येलला दिली आणि बदल्यात मरेपर्यंत वर्षाला हजार डॉलर घेतले. चित्रं ठेवायची इमारत त्यानंच आखली. स्वतःला आणि बायकोला आपल्या चित्रांखाली पुरावं अशी त्याची इच्छा होती, ती पाळली गेली; १८६७ साली चित्रं स्ट्रीट हॉलमध्ये हलली तेव्हा त्यांचे अवशेषही हलवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा सादर होतानाचं त्याचं चित्र वॉशिंग्टनच्या संसदभवनात भिंतभर आहे, ते पुष्कळांनी पाहिलेलं असतं. त्याची आधीची, हातभर आकाराची मूळ प्रत इथं आहे. मला हीच आवडली. चेहरे इथं जिवंत आहेत.

स्ट्रीट हॉलमध्ये १८६९ साली येलची कलाशाळा सुरू झाली आणि तिचं दार मुलींना पहिल्यापासून उघडं होतं. येलच्या मुख्य पदवी महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली. मधल्या काळात बरीच वर्षं या एका लाल दगडी इमारतीत मुली चित्रकला शिकत होत्या. तंत्रनिकेतनात स्थापत्यच्या वर्गात एकटीच मुलगी म्हणून बसलेल्या माझ्यासारखीला त्या इमारतीत उगाचच आपलेपणा वाटला.

जार्व्हिस यांच्या संग्रहाची गोष्टही सांगायलाच हवी. जेम्स जॅक्सन जार्व्हिस यांनी इटलीत राहून तेराव्या ते सोळाव्या शतकातली ११९ चित्रं जमवली. अमेरिकेत तेव्हा कुणी विचारेना. शेवटी १८६७ साली येलनं वीस हजार डॉलर कर्ज दिलं आणि चित्रं तारण म्हणून ठेवून घेतली. कर्ज फिटलं नाही, लिलाव झाला, दुसरा बोलीवाला आला नाही आणि १८७१ साली बावीस हजारांना ती विद्यापीठाची झाली. आज कुठलंही संग्रहालय अशा चित्रांसाठी जीव टाकेल. त्या काळी ती सावकारीतून आली.

आता संग्रहात दोन लाखांहून जास्त वस्तू आहेत. सीरियातल्या ड्युरा-युरोपस या प्राचीन नगरात येलनं १९२८ ते १९३७ या काळात उत्खनन केलं, तिथल्या मिथ्र देवाच्या देवळाची रंगीत भिंत इथं उभी केलेली आहे. व्हॅन गॉगचं ‘रात्रीचा कॅफे’ १८८८ सालचं, हिरव्या छताचं आणि लाल भिंतींचं, ते इथंच. इतक्या जवळून, इतक्या मोकळ्या खोलीत, गर्दीशिवाय ते पाहायला मिळतं, यासाठीच मी विद्यापीठाच्या दालनांची बाजू घेते. मोठ्या शहरी संग्रहालयात माणूस चित्राच्या पुढून सरकत राहतो. इथं एका चित्रासमोर आठ-दहा विद्यार्थी खुर्च्या टाकून तासभर बसलेले मी पाहिले आणि शिक्षिका त्यांना कलाकाराचं नाव न सांगता फक्त काय दिसतं ते बोलायला लावत होती.

हे नुसतं कलेच्या विद्यार्थ्यांपुरतं नाही. रस्त्यापलीकडे येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट आहे. तिथं नव्वदीच्या दशकाच्या शेवटी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास सुरू झाला. त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन आणि संग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलँडर यांनी तो मांडला. विद्यार्थ्यानं एका चित्रासमोर उभं राहायचं, निष्कर्ष न काढता आधी फक्त बारीकसारीक गोष्टी टिपायच्या. असं शिकलेले विद्यार्थी रोग्याच्या छायाचित्रातली लक्षणं जास्त टिपतात, असं आढळलं आणि २००१ साली ते अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं इतर वैद्यकीय महाविद्यालयांनीही असे वर्ग घेतले.

ही पलीकडची इमारतही कानांचीच. पहिलं मोठं काम रस्त्याच्या एका बाजूला, शेवटचं दुसऱ्या बाजूला. ती १९७७ साली उघडली तेव्हा कान हयात नव्हते. मार्च १९७४मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर ते गेले. अहमदाबादला ते आयआयएमच्या कामासाठी जात आणि तिथं त्यांना बोलावण्यात पुढाकार होता बाळकृष्ण दोशी यांचा, पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे.जे.त वास्तुकला शिकलेले दोशी. तिथल्या ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या कचेरीनं केली आणि २०१९ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याच आवारातली विद्यार्थ्यांची वसतिगृहं पाडायचं २०२०च्या डिसेंबरमध्ये ठरलं, जगभरातून ओरड झाली आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी निर्णय तेव्हापुरता मागे घेतला गेला. त्या वादात मी दोन्हीकडचं ऐकलं. विटांच्या आत गंजलेली सळई फुगते आणि वीट फोडते. तिच्यापुढं निव्वळ प्रेम पुरत नाही. पण न्यू हेवनमध्ये चौकट बदलून रूप राखता येतं हे पाहिल्यावर मला वाटतं, पाडायचं म्हणण्याआधी आपल्या अभियंत्यांनी तितकीच मेहनत घ्यायला हवी. ब्रिटिश आर्टची इमारतही छपरावरची दोनशेहून जास्त उजेडाची घुमटं बदलण्यासाठी दोन वर्षं बंद ठेवली होती आणि मार्च २०२५मध्ये पुन्हा उघडली.

येल हे नावही आपल्याकडच्या पैशावर आलंय. एलिहू येल हा मद्रासच्या किल्ल्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता. त्यानं १७१८ साली पाठवलेला नऊ गाठी माल विकून ५६२ पौंड आले, आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. गुलामांच्या व्यापारात त्याचा हात होता, हेही विद्यापीठ आता लपवत नाही.

पण मराठी माणसानं ब्रिटिश आर्ट सेंटरला जावं ते दुसऱ्याच एका नावासाठी. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. सवाई माधवरावांच्या पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता, त्याच्यासाठी गंगारामनं चित्रं काढली. वेरूळची लेणी काढली. स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराबरोबर काम केलं. त्याच वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळचा मोठा छापील संच १८०३ साली लंडनला निघाला. मॅलेटकडची कागदपत्रं आणि ही चित्रं फिरत फिरत येलला पोचली. त्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र आहे, १७९० सालचं. कातडीच्या घड्या, कानांची ठेवण, पायांची जाडी, सगळं प्रत्यक्ष समोर बसून पाहिलेलं. पाश्चात्त्य पद्धतीचं छायाकाम करायला शिकलेला हा पुण्याचा माणूस, पण ओळीवरची पकड इथलीच. जे.जे.ची कलाशाळा निघाली १८५७ साली. त्याच्या साठेक वर्षं आधी पुण्यात एक मराठी चित्रकार हे करत होता आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याचं नाव नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कागदावरची चित्रं उजेडानं उडतात, म्हणून ती भिंतीवर कायम लावत नाहीत. पण दुसऱ्या मजल्यावर अभ्यासाची खोली आहे. आधी कळवून वेळ घेतली की कुणालाही हवं ते चित्र मागवता येतं. पदवी विचारत नाहीत. लेकीनं संगणकावरून संग्रहाच्या यादीत गंगारामचं नाव शोधलं, हव्या त्या चित्रांचे क्रमांक काढले आणि कळवून वेळ ठरवली. दोन्ही दालनं सोमवारी बंद असतात. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची गाडी न्यू हेवनला जाते. जाणाऱ्यानं सोबत पेन नेऊ नये. अभ्यासाच्या खोलीत फक्त पेन्सिल चालते.